बीएस६ डिझेल: डीपीएफ पुन्हा पुन्हा चोंदतोय, सर्व्हिस सेंटर म्हणतं वॉरंटीत बसत नाही (सातारा)

शाहूनगरकर:

गाडी १.५ लिटर टर्बो डिझेल, ६ गिअर मॅन्युअल, बीएस६, २०२२ची. मीटर ३१,००० किमी. वाढीव वॉरंटी घेतलेली आहे आणि ती अजून चालू आहे. सगळ्या सर्व्हिस कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच, वेळेवर. डीईएफची (युरियाची) टाकी या मॉडेलला नाही. बाहेरचं काहीही बसवलेलं नाही.

अडचण अशी: डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागतो. सर्व्हिस सेंटरने दोनदा लॅपटॉप लावून उभ्या गाडीत रीजनरेशन (फिल्टरमधली काजळी जाळणं) करून दिलं. दोन्ही वेळा दिवा गेला आणि काही आठवड्यांत परत आला. आता इंजिनचा दिवाही लागलाय आणि गाडी २,५०० आरपीएमच्या वर जात नाही. त्यांचं म्हणणं, "तुमचा वापर गावातल्या गावात आहे, डीपीएफ गेला, नवा टाकावा लागेल." अंदाजपत्रक १ लाख २० हजारांचं, आणि वापरामुळे चोंदला म्हणून वॉरंटीत नाही.

वापर खरंच बहुतेक गावातला. घर ते एमआयडीसी, शाळा, मंडई. पण त्यांच्याच सांगण्यावरून दर आठवड्याला हायवेला उंब्रजपर्यंत जाऊन येतो, तरी दिवा जात नाही. आणखी एक, ऑइलच्या काडीवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसतंय. गेल्या सर्व्हिसनंतर कोणीही ऑइल टाकलेलं नाही.

विचारायचं आहे ते हे: खरंच डीपीएफ गेला का, हे कसं ओळखायचं? वॉरंटी नाकारणं बरोबर आहे का? आणि कास रोडला घाट चढवून फिल्टर साफ होतो असं एक जण म्हणाला, त्यात तथ्य आहे का?

---

मिरजेचा डिझेलवाला:

शेवटून सुरुवात करतो, कारण सगळ्यात तातडीची गोष्ट तिथे आहे. ऑइल वरच्या खुणेच्या वर गेलं असेल तर गाडी पळवू नका. आधी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला.

आधी नीट मोजा. गाडी सपाट जागेवर, इंजिन गरम करून बंद केल्यावर १० मिनिटं थांबा, काडी पुसा, पुन्हा बुडवा, असं दोनदा. तरीही खुणेच्या वर असेल तर ते वाढलेलं ऑइल नाही, ते डिझेल आहे. रीजनरेशनच्या वेळी ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पॉवर स्ट्रोकच्या शेवटाकडे जादा डिझेल मारतो. ते सिलिंडरमध्ये जळण्यासाठी नसतं, एक्झॉस्टमध्ये जाऊन तिथे उष्णता तयार व्हावी म्हणून असतं. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीला लागून रिंगांच्या कडेने खाली सम्पमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरतं. रीजन सुरू होऊन मध्येच तुटलं की नुसतं डिझेल खाली जातं, काजळी जळतच नाही. पेट्रोल गरम ऑइलमधून बरंचसं उडून जातं, डिझेल तितकं उडत नाही, ते साचत राहतं.

पाच लिटरच्या सम्पमध्ये अर्धा लिटर डिझेल म्हणजे ऑइल चांगलंच पातळ झालं. बेअरिंग आणि टर्बोच्या शाफ्टला जो थर मिळायला हवा तो मिळत नाही. पातळी फारच वर गेली तर क्रँक ऑइलात आपटून फेस करतो, ब्रीदरच्या नळीतून ते इनटेकमध्ये (इंजिन हवा घेतं त्या वाटेत) ओढलं जातं, आणि वाईटात वाईट म्हणजे इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळायला लागतं. तेव्हा चावी बंद करूनही थांबत नाही.

आता डीपीएफ. आत सिरॅमिकच्या बारीक नळ्या असतात, एक पुढून बंद, शेजारची मागून बंद. धूर भिंतीतून झिरपून पलीकडच्या नळीत जातो आणि काजळी अलीकडे अडकते. ती काढायचे दोन मार्ग. गाडी लोडवर चालत असताना एक्झॉस्ट २५० ते ४०० अंशांत असेल तर अलीकडच्या ऑक्सिडेशन कॅटॅलिस्टमध्ये तयार झालेला नायट्रोजन डायऑक्साइड काजळी हळूहळू खातो. हे आपोआप होतं, तुम्हाला कळतही नाही. ते पुरेसं झालं नाही तर ईसीयू मुद्दाम तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद करतो, इनटेकचा थ्रॉटल थोडा आवळतो, डिझेल उशिरा मारतो. असं साधारण १० ते २० मिनिटं सलग चालावं लागतं.

हे चालू आहे हे ओळखायचं कसं? उभ्या गाडीत आयडल ८००च्या जागी १,०००च्या आसपास दिसतं, चालू मायलेज एकदम पडतं, स्टार्ट-स्टॉप चालत नाही, गरम वास येतो, आणि चावी काढल्यावरही पंखा घोंघावत राहतो. असं दिसलं की घराच्या दारात असलात तरी बंद करू नका, आणखी एक फेरी मारा.

कासचा घाट यासाठी चुकीचा रस्ता आहे. चढताना एक्झॉस्ट छान तापतो हे खरं. पण उतारावर पाय काढला की ईसीयू डिझेल पूर्ण बंद करतो आणि थंड हवा फिल्टरमधून जात राहते. यवतेश्वरच्या वळणांवर तर तीस सेकंद एकसारखं ॲक्सिलरेटर धरता येत नाही. रीजनला एकसुरी लोड लागतो: सपाट रस्ता, ७० ते ८०चा वेग, आणि सहावा नाही, चौथा किंवा पाचवा गिअर, म्हणजे इंजिन २,००० ते २,५०० आरपीएमवर राहील. सहाव्यात १,४००वर गाडी निवांत चालते, मायलेज दिसतं, पण एक्झॉस्ट थंड राहतो. शेंद्रे, नागठाणे, अतीत, काशीळ, उंब्रज हा पट्टा यासाठी चांगला, कारण तासवड्याचा टोलनाका उंब्रजच्या पुढे आहे, मध्ये थांबावं लागत नाही. आनेवाडीकडे गेलात तर टोलच्या रांगेत लय तुटते. टाकीत डिझेलही चांगलं ठेवा, रिझर्व्हच्या दिव्यावर बऱ्याच गाड्या रीजन सुरूच करत नाहीत.

तुमचा मुद्दा मात्र वेगळा आहे. तुम्ही योग्य रस्त्यावर जाताय आणि तरी जळत नाहीये. तिथे ड्रायव्हिंगला दोष देऊन भागत नाही. काहीतरी रीजनला अडवतंय.

---

एमएच५० कराड:

वर लिहिलंय त्याच्याशी सहमत. "डीपीएफ गेला" हे निदान नाही. त्याखाली तीन वेगळ्या गोष्टी लपतात आणि तिघींचा उपाय वेगळा.

काजळी भरली असेल तर ती जळते, फिल्टर शाबूत असतो. राख भरली असेल तर ती कधीच जळत नाही. राख येते इंजिन ऑइलातल्या ॲडिटिव्हमधून, आणि तिनं फिल्टर भरायला सहसा लाखाच्या पुढे किलोमीटर लागतात. ३१,०००ला राखेने भरला असेल तर एकतर इंजिन ऑइल खातंय किंवा चुकीचं ऑइल पडलंय. आणि तिसरं, फिल्टर बरा आहे पण सेन्सर खोटं बोलतोय.

डॅशबोर्डखाली ड्रायव्हरच्या बाजूला स्कॅनर जोडायचं १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. साधा ब्लूटूथ अडॅप्टर आणि तुमच्या कंपनीचे डीपीएफचे आकडे वाचणारं ॲप असलं तरी चालतं, किंवा चांगला स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये जा. कोड (ईसीयूने साठवलेले बिघाडाचे क्रमांक) पुसू देऊ नका. आधी फोटो, मग बाकी सगळं. प्रत्येक कोडसोबत "फ्रीझ फ्रेम" साठवलेली असते: कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, कुलंट किती गरम, लोड किती. पुराव्याच्या दृष्टीने हीच सगळ्यात मौल्यवान गोष्ट आहे आणि एका बटणाने ती कायमची जाते.

मग हे आकडे घ्या. चावी ऑन, इंजिन बंद असताना डिफरन्शियल प्रेशर. तो शून्यच पाहिजे. हवा वाहतच नाहीये तर फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे दाब वेगळा असूच शकत नाही. तिथे ८-१० दिसले की सेन्सर सरकलाय, फिल्टरला हात लावायची गरज नाही. पुढचं, गरम इंजिनवर आयडलला आणि २,५००ला तोच आकडा. आरपीएमबरोबर तो वाढला पाहिजे आणि खाली आला की लगेच उतरला पाहिजे. हळूहळू उतरत असेल तर सेन्सरच्या दोन नळ्यांपैकी एक चोंदलीय. या नळ्या फिल्टरच्या पुढून आणि मागून निघून वर सेन्सरला जातात. रबर उष्णतेने चिरतो, कधी आत काजळीचा बोळा बसतो. पुढची नळी फाटली तर दाब कमी दिसतो, ईसीयूला वाटतं फिल्टर रिकामा आहे, आणि खरा फिल्टर भरत राहतो.

काजळीचे बहुतेक ठिकाणी दोन आकडे मिळतात: मोजलेली, म्हणजे दाबावरून, आणि हिशेबाने काढलेली, म्हणजे किती डिझेल जाळलं, कसं जाळलं यावरून. दोन्ही जवळपास असतील तर सेन्सर खरं बोलतोय. खूप फरक असेल तर सेन्सर, नळ्या किंवा फुटलेला फिल्टर.

शिवाय राखेचा आकडा, शेवटचं पूर्ण रीजन किती किलोमीटरपूर्वी झालं, अर्धवट किती झाली, डीपीएफच्या आधीचं एक्झॉस्ट तापमान, ईजीआरला सांगितलेली उघड आणि प्रत्यक्ष उघड. ईजीआर उघडा अडकला तर हवा कमी पडून काजळी दुप्पट होते, आणि डीपीएफ बदलला तरी दोन महिन्यांत पुन्हा तेच. आणि कुलंटचं तापमान, हायवेला चालत्या गाडीत. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. हल्ली तो काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की बऱ्याच मोठ्या टप्प्यात मध्यावरच उभा राहतो.

एअर फिल्टरही काढून बघा. ऊसतोडीच्या दिवसांत शेतरस्त्याची धूळ खाऊन तो ठरलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी बुजतो. हवा कमी, काजळी जास्त.

---

रॉयल_४१५:

एवढी डोकेफोड कशाला? डीपीएफ आतून फोडून रिकामा करा, ईसीयू रिमॅप करून घ्या. पिकअप वाढतो, दिवा कायमचा बंद. पेठनाक्याच्या बाजूला करून देतात.

---

विश्रामबाग:

हे अजिबात करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपाच्या विरुद्ध बदल करता येत नाही. प्रदूषणाच्या निकषांचा भंग कलम १९०(२) खाली येतो, त्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर १० हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्सवरही गदा येऊ शकते. तो भाग बाजूला ठेवला तरी वॉरंटी नाकारायला यापेक्षा सोपं कारण सर्व्हिस सेंटरला मिळणार नाही. अनेक ईसीयूमध्ये प्रोग्रॅम बदलल्याची नोंद राहते, ती मूळ सॉफ्टवेअर परत टाकूनही जात नाही. आणि ज्या इंजिनचं इंजेक्शन, टर्बो, ईजीआर सगळं डीपीएफ धरून बसवलंय त्यात मधला दाब काढून टाकला की बाकीचं गणितही बिघडतं. शाळेजवळ, मंडईत ती गाडी जो धूर सोडते तो लोकांच्या छातीत जातो, हेही आहेच.

आता वॉरंटी. शाहूनगरकर, पुस्तिका उघडून डीपीएफचं नेमकं वाक्य वाचा. बहुतेक पुस्तिकांमध्ये असं असतं की वापराच्या पद्धतीमुळे फिल्टर चोंदला तर तो वॉरंटीत नाही. वाक्य पटण्यासारखं आहे, पण त्याचा अर्थ "डीपीएफ कधीच वॉरंटीत नाही" असा होत नाही. वॉरंटीत असलेला दुसरा एखादा भाग, म्हणजे सेन्सर, ईजीआर, इंजेक्टर, थर्मोस्टॅट, टर्बो, बिघडला आणि त्यामुळे फिल्टर भरला, तर तो वापराचा दोष राहत नाही, त्या भागाच्या बिघाडाचा परिणाम ठरतो. म्हणून वर सांगितलेले आकडे महत्त्वाचे. सगळा वाद त्या एका गोष्टीवर फिरतो: कारण काय.

वाढीव वॉरंटी असेल तर तिची पुस्तिका वेगळी वाचा. तो वेगळा करार असतो, न बसणाऱ्या भागांची यादीही वेगळी असते.

तोंडी बोलणं आजपासून बंद. सर्व्हिस सेंटरला ईमेल, कंपनीच्या ग्राहक विभागाला प्रत. त्यात चॅसिस नंबर, किलोमीटर, आधीच्या दोन्ही जॉब कार्डचे नंबर, आणि चार गोष्टी मागा. आधीच्या प्रत्येक वेळी मिळालेले कोड आणि फ्रीझ फ्रेम. दोन्ही रीजनच्या आधीचे आणि नंतरचे काजळी-राखेचे आकडे. पुस्तिकेतल्या कोणत्या कलमाखाली नाकारताय, ते लेखी. आणि कंपनीच्या तांत्रिक अधिकाऱ्याकडून तपासणी. जॉब कार्डवर तक्रार स्वतः सांगून लिहून घ्या. "डीपीएफ दिवा" एवढंच नको. "हायवेला अर्धा तास चालवूनही रीजन होत नाही, ऑइल पातळी वाढतेय, कारण शोधावं" असं लिहायला लावा. सही करण्याआधी वाचा, कारण पुढे कुठेही गेलात तर हाच कागद पाहिला जातो.

लेखी उत्तर आलं नाही किंवा मोघम आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथून सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथेच, म्हणजे साताऱ्यातच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

एवढं मात्र तपासा: सर्व्हिस "इतके किमी किंवा इतके महिने, जे आधी होईल ते" अशी असते. कमी चालणाऱ्या गाडीत किलोमीटर होत नाहीत आणि महिने उलटून जातात. तारखांमध्ये खंड असेल तर तिकडे बोट ठेवलं जाईल.

---

शाहूनगरकर:

खूप आभार. ऑइल आणि फिल्टर सर्व्हिस सेंटरमध्येच बदलून घेतलं, बिल घेतलं. काढलेल्या ऑइलला डिझेलचा वास येत होता. सर्व्हिसच्या तारखांमध्ये खंड नाही. मग ओळखीच्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड न पुसता. आकडे:

कोड पी२४६३ (डीपीएफमध्ये काजळी जास्त). पेंडिंगमध्ये पी०१२८. इंजिन बंद असताना प्रेशर ०. आयडलला १९ हेक्टोपास्कल, २,५००ला ११०च्या आसपास, सोडल्यावर लगेच उतरतं. काजळी मोजलेली ३१ ग्रॅम, हिशेबाची २९. राख ३ ग्रॅम. सर्व्हिस सेंटरच्या रीजननंतर पूर्ण झालेलं रीजन ०, अर्धवट ९. ईजीआरचे दोन्ही आकडे जुळतात. एअर फिल्टर ठीक.

कुलंट: पोवई नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये ८४. हायवेला नागठाण्यापर्यंत ८०च्या वेगाने गेलो तर ६६ ते ६८, त्याच्या वर जातच नाही. काटा मात्र पूर्ण वेळ मध्यावर. पी२४६३च्या फ्रीझ फ्रेममध्ये वेग ७६, कुलंट ६७.

---

एमएच५० कराड:

सापडलं. थर्मोस्टॅट उघडा अडकलाय.

थर्मोस्टॅट व्हॉल्व्हचं काम एवढंच की इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही. साधारण ८२ ते ८८ अंशांना तो उघडायला लागतो आणि नीट चाललेलं इंजिन हायवेला ८५ ते ९५च्या मध्ये राहतं. तुमचा कायम उघडा आहे, त्यामुळे गाडी पळाली की समोरून वारा लागतो, रेडिएटर थंड पाणी परत इंजिनमध्ये ढकलत राहतो आणि तापमान ६७ला खाली येतं. ट्रॅफिकमध्ये वारा नाही म्हणून ८४ दिसतं. पी०१२८ हा नेमका याच गोष्टीचा कोड आहे. पेंडिंग आहे म्हणजे ईसीयूला संशय आलाय, खात्री व्हायची आहे.

आता बाकीचं सगळं याच्यावर बसवून बघा. इंजिन ठरलेल्या तापमानाखाली असेल तर ईसीयू रीजन सुरू करत नाही, आणि चालू असताना तापमान पडलं तर सोडून देतो. म्हणून तुमच्याकडे उलटं घडतं: पोवई नाक्याच्या सिग्नलला कुलंट वर आला की रीजन सुरू होतं, आणि तुम्ही ते पूर्ण व्हावं म्हणून हायवेला लागलात की तुटतं. ९ अर्धवट तिथूनच आली. प्रत्येक अर्धवट वेळी डिझेल सम्पमध्ये उतरलं, तेही थंड भिंतींवरून, म्हणून ऑइल वाढलं. आणि थंड इंजिन मुळातच जास्त काजळी करतं.

सर्व्हिस सेंटरचं रीजन मात्र दोन्ही वेळा यशस्वी झालं, कारण ते उभ्या गाडीत होतं. वारा नाही, आरपीएम चढवलेला, कुलंट आपोआप वर. दिवा जातो, निदान चुकतं.

डीपीएफ शाबूत आहे. राख ३ ग्रॅम म्हणजे अजून आयुष्य बाकी. इंजिन बंद असताना शून्य, मोजलेली आणि हिशेबाची काजळी जुळते, म्हणजे सेन्सरही बरा. नव्या फिल्टरची गरज नाही. उलट थर्मोस्टॅट तसाच ठेवून नवा टाकला असता तर तोही असाच भरला असता.

क्रम असा ठेवायला सांगा. थर्मोस्टॅट हाउसिंगसकट बदला, त्याच्या सीलसह. कुलंट कंपनीने सांगितलेल्या प्रकाराचंच, नळाचं पाणी नको, आणि भरल्यावर सिस्टीममधली हवा नीट काढा. मग हायवेला नेऊन ८५च्या वर टिकतं का ते स्कॅनरवर बघा. ते दिसल्यावरच पुढचं. काजळी ३१ ग्रॅम आहे, तुमच्या मॉडेलला सक्तीच्या रीजनची वरची मर्यादा किती ते सर्व्हिस सेंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये असतं. मर्यादेच्या आत असेल तर एक रीजन करून घ्या. मर्यादेवर असेल तर हट्ट धरू नका. जास्त काजळी एकदम पेटली की आतलं तापमान १,००० अंशांच्या वर जातं आणि सिरॅमिक तडकतं. तेव्हा फिल्टर काढून बाहेर साफ करावा लागतो. सक्तीच्या रीजननंतर ऑइल पुन्हा एकदा काडीवर बघा आणि वाढलं असेल तर बदला. ऑइल-लाइफचा काउंटर स्कॅनरने रीसेट झालाय का तेही बघा, नाहीतर गाडी जुन्या ऑइलचाच हिशेब पुढे चालवते.

रीजन कुठे करतात तिकडेही लक्ष द्या. उभ्या रीजनमध्ये सायलेन्सरखालची जमीन प्रचंड तापते. खाली गवत, पाचट, कापड काही नको. शेतात गाडी लावणाऱ्यांनी हे फार पाळावं. रीजन चालू असताना उसाच्या पाचटावर गाडी उभी केली तर ते पेट घेऊ शकतं.

---

विश्रामबाग:

उत्तम. आता ईमेल बदला. "डीपीएफ बदलून द्या" ही मागणी काढून टाका. लिहा: पी०१२८ पेंडिंग आहे, हायवेला कुलंट ६६ ते ६८ राहतं, पी२४६३च्या फ्रीझ फ्रेममध्ये ७६च्या वेगाला कुलंट ६७ आहे, त्यामुळे रीजनरेशन पूर्ण होत नाही. थर्मोस्टॅट वॉरंटीत बदलावा, आणि त्याच्या परिणामी लागणारं रीजन, ऑइल, फिल्टर, आणि गरज पडल्यास डीपीएफची सफाई वॉरंटीतच करावी. आधी झालेल्या ऑइल बदलाचं बिल परत मागा. स्कॅनरच्या स्क्रीनचे फोटो जोडा, त्यात गाडीचा नंबर आणि तारीख दिसेल असे.

एवढं करूनही डीपीएफ पैसे घेऊन बदलायची वेळ आलीच, तर काढलेला जुना डीपीएफ तुमच्याच गाडीचा, तुम्ही पैसे मोजून बदललेला भाग आहे. तो लेखी मागून घ्या. त्यात प्लॅटिनम आणि पॅलेडियम असतं, भंगारातही त्याला भाव येतो, आणि वाद पुढे गेला तर तो पुरावा आहे.

---

शाहूनगरकर:

ईमेल आजच पाठवतो. एकच शंका राहिली. ऑइल बदलताना त्यांनी "५डब्ल्यू-३० सिंथेटिक" एवढंच बिलावर लिहिलंय. ते पुरेसं आहे का?

---

मिरजेचा डिझेलवाला:

नाही. ५डब्ल्यू-३० हा फक्त पातळपणा झाला. डीपीएफसाठी बघायची ती राख. कमी राखेच्या ऑइलवर एसीईए (युरोपातल्या गाडी उत्पादकांच्या संघटनेचा दर्जा) सी२ किंवा सी३ असं लिहिलेलं असतं, त्यात सल्फेटेड ॲश ०.८ टक्क्यांपर्यंतच असते. ए३/बी४ हेही ५डब्ल्यू-३०मध्ये मिळतं आणि तेही सिंथेटिकच असतं, पण त्यात राख १ ते १.६ टक्के. जुन्या बीएस४ डिझेलला ते छान, तुमच्या फिल्टरला नको. बऱ्याच दुकानांत "डिझेलचं ऑइल द्या" म्हटलं की हेच हातात ठेवतात.

मॅन्युअलमध्ये तुमच्या इंजिनसाठी सी२ की सी३ ते लिहिलेलं असेल, तोच ग्रेड, आणि कंपनीचा स्वतःचा मंजुरी क्रमांक असेल तर तोही, बिलावर लिहून घ्या. सर्व्हिस सेंटरमध्ये मोठ्या ड्रममधून भरतात, डबा दिसत नाही, म्हणून बिलावर असणं गरजेचं.

थर्मोस्टॅट बदलल्यावर पुढचे ४००-५०० किमी स्कॅनर लावून ठेवा. कुलंट, काजळीचे ग्रॅम आणि "शेवटचं पूर्ण रीजन" हे तीनच आकडे बघा. काजळी चढून एका टप्प्याला गेली, रीजन सुरू झालं आणि आकडा खाली आला, असं एक पूर्ण चक्र डोळ्यांनी दिसलं पाहिजे. ते दिसेपर्यंत जॉब कार्ड बंद झालं म्हणून सही करू नका.